मागचा उजवा स्पीकर

सुदाम, आपल्या खटल्याचा निकाल लागला. तू हरलास, आणि मीही हरलो. दोष डिस्कचा नव्हता आणि मशीनचाही नव्हता. कुणाचा होता ते तुला कधी एकदा सांगतो असं झालंय, आणि नेमका आत्ताच तू नाहीस. ही तुझी जुनीच खोड. ऐन मोक्याला तू कायम आत चहा सांगायला गेलेला असायचास.

तुला जाऊन अजून महिना व्हायचाय. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला बिरवाडीहून तुझ्या कंपनीतली माणसं आली होती, तुझ्या गावाहून, कापड्याहून, गाडी भरून भावकी आली होती. सगळे चांगलं बोलले. इन्स्ट्रुमेंट खात्यात तुझ्यासारखा हात पुन्हा झाला नाही, तू कुणाला कधी नाही म्हटलं नाहीस, असं बरंच काही. शेवटी माईक माझ्या हातात दिला. तो घुमत होता. तू असतास तर आधी उठून तो स्पीकरसमोरून बाजूला घेतला असतास आणि मग भाषण होऊ दिलं असतंस. हे मनात आलं, मी माईक परत दिला आणि खाली बसलो. वाद घालणारा माणूस असा गप्प बसलेला बघून वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

तुझी पुढची खोली मी तुलाच काय सांगणार? पण ती डोळ्यांसमोरून हलत नाही. महाडच्या बाजारपेठेच्या मागे, नदीच्या अंगाला, तळमजल्यावरची खोली. लोकांकडे तिथे सोफा आणि टीव्ही असतो. तुझ्याकडे समोर तीन स्पीकर, मागच्या दोन कोपऱ्यांत दोन, बाजूला तो जाड आवाजाचा ठोकळा, आणि मधोमध एकच खुर्ची. खुर्चीच्या पायांखाली फरशीवर तेलरंगाच्या खुणा. झाडताना वहिनींच्या हातून ती सरकली तर पुन्हा जागेवर यावी म्हणून. त्या खुर्चीत बसलं की सगळे आवाज जिथून यायचे तिथून बरोबर यायचे. जरा कललं की तू मागून खेकसायचास, "वकील, डोकं मधी!"

मी वकील नव्हे, कोर्टातला कारकून. पण वसतिगृहात असताना मी आमटीच्या पातळपणावरूनही वाद घालायचो, म्हणून तू ते नाव ठेवलंस आणि मी निवृत्त झालो तरी तेच चाललं.

पहिल्यांदा तू मला त्या खुर्चीत बसवलंस ती रविवारची दुपार मला लख्ख आठवते. मी टवाळी करायलाच आलो होतो. "एवढ्या वायरी गाणं ऐकायला? आमच्या घरी रेडिओला एक पुरते," असंही म्हणालो. तू नुसता उठलास. तुझ्या भाच्याने बोटीवर असताना कुठल्याशा बंदरातून आणलेली ती डिस्क कपड्यातून काढलीस, कडेने धरून मशीनमध्ये ठेवलीस आणि माझ्या मागे कुठेतरी जाऊन बसलास.

आधी नुसती शांतता आली. पण ती तुझ्या खोलीतली नव्हती. एका मोठ्या दगडी इमारतीतली शांतता होती ती, उंच छताची, गार. मग समोरून बायका गायला लागल्या. मग डावीकडून. मग चक्क माझ्या पाठीमागून. मी दचकून वळलो, तर मागे दाराशी तू एकटा बसलेला. "डोकं मधी!" मी मुकाट्याने पुढे बघितलं. परक्या मुलुखातल्या त्या बाया गोल करून उभ्या होत्या आणि त्या गोलाच्या मधोमध महाड कोर्टाचा एक कारकून बसला होता. भाषा कळत नव्हती. त्या काय मागत होत्या, कुणाला आळवत होत्या, काहीच कळत नव्हतं. पण माझ्या हातांवर काटा उभा राहिला, आणि तो दिसू नये म्हणून मी शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या.

तुला एक आठवतं का? शाळेची सहल गांधारपाल्याच्या लेण्यात गेली होती. सगळी पोरं आत आरडाओरडा करत होती. तू मात्र सगळे बाहेर जाईपर्यंत थांबलास आणि एकच टाळी वाजवलीस. ती मागच्या भिंतीकडून परत आली. तू वळून त्या भिंतीकडे कितीतरी वेळ बघत राहिलास, जणू तिथे कुणी उभं असावं. गुरुजींनी तुला हाताला धरून बाहेर आणलं. मला वाटतं, मागून येणाऱ्या आवाजाच्या नादी तू तेव्हाच लागलास. निदान मी तरी बरीच वर्षं तसं समजत होतो.

खरं कारण तू फार उशिरा सांगितलंस, तेही सहज, चहा बशीत ओतता ओतता. लहानपणी, वसतिगृहाच्या आधी, कापड्याहून पोलादपूरला शाळेत यायचास तेव्हा बाजाराच्या दिवशी तुझी आई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन तुझ्या मागून चालायची. चालताना बारीक आवाजात गायची. तू वळून बघितलंस की लाजून गप्प व्हायची. म्हणून तू वळायचाच नाहीस. "पुढचं सगळ्यांना दिसतं रे," तू म्हणाला होतास, "मागनं येतं ते ऐकावंच लागतं." एवढं बोलून तू बशी तोंडाला लावलीस.

आता खटल्याकडे येतो.

त्या डिस्कवरचं तिसरं गाणं. त्यात एका जागी बाकीच्या बायका आवाज खाली नेतात आणि मागून, उजवीकडून, एकच बाई वर चढते. हे मी तुझ्या तोंडून ऐकलेलं. कारण मी खुर्चीत बसलो की ती चढायला लागायची, मी श्वास धरायचो, आणि 'टक'! मागचा उजवा स्पीकर मुका. थोड्या वेळाने तो पुन्हा बोलायला लागायचा, पण तोवर ती खाली उतरून बाकीच्यांत मिसळलेली असायची. पोलादपूरहून महाबळेश्वरचा घाट चढावा आणि नेमकं माथ्यावर कुणीतरी डोळे झाकावेत, तसं. चढ पाठ झाला, उतार पाठ झाला, माथा काही दिसला नाही. दर वेळी तिथेच. इतर डिस्कनाही कधीमधी होत असेल, पण त्यांच्यात मागच्या बाजूला नुसता घुमारा असतो, तो क्षणभर गेला तरी कुणाला कळतं?

आणि गंमत अशी, की तू एकटा असलास की ती डिस्क सुरळीत वाजायची. आठवड्यात कधीतरी फोन यायचा. "वकील, झालं काम! आज पुरी वाजली. काय जाते रे ती वर! तू ये रविवारी." मी यायचो, खुर्चीत बसायचो, आणि टक. तू कपाळावर हात मारायचास. "तुझा पायगुणच तसला हाय."

माझं म्हणणं वेगळं होतं. तू एकटा ऐकतोस तेव्हा तुझं भान हरपतं, तुटलेलं तुला कळतच नाही. साक्षीदार तल्लीन असेल तर साक्ष ग्राह्य कशी धरायची? यावर तू असा चिडलास, की त्या दिवशी चहात साखर घालायला सांगायचंही विसरलास.

तुझा ठाम दावा डिस्कवर. डिस्क मुळातच कुठेतरी सदोष निघाली असणार, गार असताना चालते, दमट हवेत अडते. माझा ठाम दावा मशीनवर. मुंबईच्या जुन्या बाजारातून उचललेलं मशीन, त्याला आधी कुणी काय केलं असेल देव जाणे. "देव नको मधी आणू," तू म्हणायचास, "पुरावा आण."

मग सुरू झाला तुझा तपास. कंपनीत तू एक शिकला होतास, की बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कुणामुळे सुधारलं ते कळत नाही. हे रास्तच. पण त्याला तू घरचा नियम जोडलास. मी आलो की ती डिस्क रविवारी एकदाच वाजवायची, पहिल्या गाण्यापासून, मधूनच नाही, आणि त्या दिवशी पुन्हा नाही. "कान शिळा हुतो." म्हणजे एका रविवारी एकच गोष्ट बदलायची, आणि ती चुकली तर पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं! आपल्या कोर्टात तारखा पडतात म्हणून तू मला हसायचास. तुझ्या खोलीत न्याय त्याहून हळू चालत होता.

तू काय काय नाही केलंस! डिस्क वहिनींच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने मधून कडेकडे पुसलीस, गोल फिरवून नाही, कारण गोल ओरखडा आवाजाच्या रेघेवरून सरळ धावत जातो. कोकणातली हवा, डिस्कवर बुरशीचा बारीक ठिपका सापडला, तोच गुन्हेगार म्हणून तू आनंदाने ओरडलास. ठिपका गेला, टक राहिली. मशीन उघडून आतलं भिंग साफ केलंस. गवंड्याकडून पाणसळ आणून मशीन सपाट बसतंय का ते बघितलंस. संध्याकाळी वीज कमी-जास्त होते म्हणून स्टॅबिलायझर बसवलास. मागचे दोन स्पीकर उचलून डाव्याचा उजवीकडे ठेवलास, टक उजवीकडेच राहिली, म्हणजे स्पीकर निर्दोष. वायरीला मीटर लावलास, वायर ठणठणीत. एका रविवारी माझा मोबाइलही बाहेर वहिनींच्या तांदळाच्या डब्यात ठेवायला लावलास.

मी एकदा कंटाळून म्हटलं, "अरे, याच डिस्कच्या दुसऱ्या थरावर हेच गाणं साधं, पुढच्या दोन स्पीकरांचं आहे ना? ते लाव. ऐकतो ती जागा एकदाची आणि सुटतो."

तू माझ्याकडे असं बघितलंस, की जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो. "नाय," म्हणालास. "ती तुला मागनंच ऐकायची. पुढनं ऐकलीस तर कायमची पुढचीच होऊन बसंल."

तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, तू मला तुझी वाट देत होतास, पोलादपूरची, बाजाराच्या दिवसाची, आणि मला तिच्यावरून वळून न बघता चालायला शिकवत होतास.

पुराची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण निकाल तिथेच दडला होता. सावित्रीला पाणी चढलं आणि भोंगा झाला की बाजारपेठेतल्या घराघरांत सामान वर न्यायची एकच घाई होते. कुठल्या वस्तूने आधी जिना चढायचा यावरून घरोघर भांडणं होतात. तुझ्या घरी होत नसत. आधी डिस्का, मग मशीन, मग स्पीकर. ती डिस्क यायच्या आधीच्या मोठ्या पुरात तांदळाचा डबा खाली राहिला आणि हा ठोकळा वर गेला, हे वहिनींनी तुला कधी विसरू दिलं नाही. त्या वर्षी मागच्या स्पीकरांच्या वायरी भिंतीला खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या, त्या उपसताना तुझ्या बोटांची सालं निघाली. म्हणून पुढच्या वेळी तू शहाणा झालास. वायरीचे दोन तुकडे केलेस. एक भिंतीला कायमचा, दुसरा मोकळा, आणि मधे जोड. भोंगा झाला की जोड सोडायचा आणि स्पीकर उचलून चालू पडायचं. डावीकडचा जोड खिडकीखाली आला. उजवीकडचा स्वयंपाकघराच्या दाराशी, तरटाच्या पायपुसण्याखाली.

त्याच दाराशी तुझं लाकडी स्टूल. तेही पुरात चिखलात राहिलेलं. त्याचा पुढचा एक पाय तळाशी कुजला, तो तू तासून काढलास, तेव्हापासून ते डुगडुगायचं. वहिनी म्हणायच्या, टाकून द्या. तू त्यावर बसून पाठ चौकटीला टेकायचास. खुर्ची एकच, आणि ती पाहुण्याची. मी किती वेळा म्हटलं, आज तू बस मधे. तू मनावर घ्यायचा नाहीस. "खुर्ची पाहुण्याची. मी हाय की रोजचाच."

हे तुला कधी बोललो नाही, आता बोलतो. मी नोकरीभर न्यायाधीशांच्या चौथऱ्याखाली, कडेच्या टेबलाशी बसलो. लग्नकार्यात मागच्या रांगेत, सभेत खांबाआड. त्याची मला खंत नव्हती, सवय होती. पण सगळं जग आपल्याभोवती गोल करून उभं आहे आणि आपल्यासाठी गातंय, अशा जागी मला आयुष्यात एकाच माणसाने बसवलं. दर रविवारी मी टवाळी करत यायचो, ते त्या जागेसाठी यायचो. तुला ते कळत होतं का रे? मला वाटतं, कळत होतं. म्हणूनच तू डोकं मधी ठेवायला ओरडायचास.

शेवटच्या रविवारीही टक झाली. तू मशीनमधून डिस्क काढलीस, उजेडाकडे धरून बघितलीस आणि म्हणालास, "पुढल्या बारीला भिंगच नवं टाकतो. ती जागा तुला ऐकवल्याबिगर मी कुठं जात नाय." आणि आत बघून हाक मारलीस, "चा ठेव गो!" पुढच्या रविवारी तुझ्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

पुण्यानुमोदन झाल्यावर काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, लेक मला पावसाळाभर पुण्याला नेतेय. पाणी चढलं तर हे सगळं वर न्यायला आता घरात कोण हाय? तुम्ही घेऊन जा सगळं. पण त्याआधी ती एक डिस्क मला पुरी वाजवून दाखवा. इतकी वर्षं स्वयंपाकघरात बसून मी तुमचं भांडणच ऐकलं."

मी दुपारी गेलो. वहिनींनी मशीनवरची जुनी साडी काढली. मी तू करायचास तसंच सगळं केलं. आधी स्टॅबिलायझर, मग मशीन, मग डिस्क कडेने धरून. वहिनी म्हणाल्या, "आधी तुम्ही बघा चालते का. मी चहा टाकते." मी सवयीने खुर्चीत बसलो आणि डोकं मधे धरलं. कुणी ओरडलं नाही.

तिसरं गाणं आलं. बाकीच्या बायका खाली गेल्या. मागून, उजवीकडून, ती चढायला लागली. मी दात आवळले, खांदे आवळले, टक येणार म्हणून डोळे मिटले.

टक आली नाही.

सुदाम, ती वर गेली. जिथे मी इतकी वर्षं थांबलो होतो तिथे ती थांबलीच नाही. आवाज मोठा नाही केला तिने, उलट बारीक केला, आणि त्या बारीक आवाजाने छप्पर उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. वर गेल्यावर ती तिथे टिकली. तो दगडी घुमट तिचा आवाज झेलून परत देत होता आणि तिचाच आवाज तिला भेटत होता. माझ्या मानेवर, उजव्या कानामागे, कुणीतरी अगदी जवळ उभं आहे असं वाटलं. मी वळलो नाही. तुझी शपथ, वळलो नाही. आपण जगात आहोत याचं इतकं आश्चर्य मला कधी वाटलं नव्हतं. ती खाली उतरली तेव्हा माझा चेहरा पूर्ण भिजला होता.

मग मी वळलो. "ऐकलंस का?" असं म्हणायला. तोंडातून निम्मं बाहेरही पडलं. मागे तुझं रिकामं स्टूल.

मी उठलो आणि त्या स्टुलावर जाऊन बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. इथून तुला काय दिसायचं ते बघावं म्हणून. खुर्चीची पाठ दिसते आणि बसणाऱ्याचं डोकं दिसत असणार, बस. एवढंच बघत तू माझ्या आनंदाचा अंदाज घ्यायचास. डिस्क चालूच होती, चौथं गाणं. मला पुन्हा भरून आलं. मी पुढे वाकलो, कोपरं गुडघ्यांवर टेकली, तोंड ओंजळीत धरलं.

टक.

मागचा उजवा स्पीकर मुका झाला. मी दचकून मागे रेललो. स्पीकर बोलायला लागला. मी पुन्हा वाकलो. टक. पायाखाली बघितलं. मागे टेकून बसलं की स्टुलाचा तो तासलेला पाय अधांतरी राहतो. पुढे वाकलं की स्टूल कलतं आणि तो पाय खाली येतो, नेमका पायपुसण्यावर, नेमका त्या पुरासाठी केलेल्या जोडावर. जोड दबला की वायर सुटते. माणूस मागे झाला की लागते.

म्हणजे ती बाई वर चढायला लागली की तू पुढे वाकायचास. दर वेळी, तिथेच. मला ती ऐकू येते का बघायला वाकायचास, की तिच्याकडेच ओढला जायचास, कोण जाणे. मला ती ऐकवायची तुझी एवढी धडपड, आणि तुझ्या त्या धडपडीनेच ती तुटायची. एकटा असलास की तू खुर्चीत बसायचास, स्टूल रिकामं, डिस्क सुरळीत. मीटर लावताना स्टुलावर कोण बसणार? तू सगळं बदलून बघितलंस, एक स्वतःला सोडून. आणि मी, पुराव्याच्या गोष्टी करणारा, त्या पहिल्या दुपारनंतर एकदाही मागे वळलो नाही, कारण तूच वळू देत नव्हतास.

मी हसायला लागलो. असा हसलो, की वहिनी चहाचा कप घेऊन धावत आल्या. त्यांना स्टूल दाखवलं, जोड दाखवला, वाकून दाखवलं. "म्हणजे हेच अडवत होते?" म्हणाल्या. मग पदर डोळ्यांना लावला, आणि पदराआडून त्याही हसत होत्या.

"मला ऐकवा आता," म्हणाल्या. मी डिस्क पुन्हा लावायला हात पुढे केला तर त्यांनीच अडवलं. "आज नको. त्यांचा नियम होता ना. कान शिळा हुतो."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. वहिनी खुर्चीत बसल्या. त्या खोलीत, त्या घरात, पहिल्यांदाच. मी पक्कड घेऊन गेलो होतो, जोड घट्ट करून वर फळी ठोकली असती तर दोन मिनिटांचं काम. पण पायपुसणं उचललं आणि हात होईना. तुझ्या हातचा जोड. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या तसंच. तुम्ही तिथंच बसा, दाराशी. ती जागा रिकामी नको." मी म्हटलं, ठीक आहे. आता दोष माहीत आहे. पाठ चौकटीला टेकवून बसायचं, पुढे वाकायचं नाही, संपला प्रश्न. वहिनींना पुरं ऐकू द्यायचं.

पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. वहिनींचं डोकं अगदी मधे होतं, मला ओरडावं लागलं नाही. तिसरं लागलं. मी दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा धरल्या. पाठ चौकटीला इतकी दाबली, की लाकूड रुतत होतं. बाकीच्या बायका खाली गेल्या. ती मागून चढायला लागली. मला सगळं माहीत होतं रे. कुठे पाय आहे, कुठे जोड आहे, कधी काय होणार आहे. वहिनींनी मान किंचित वर केली, कुणी हाक मारल्यावर करतात तशी. आणि मी पुढे वाकलो.

टक.

मी घाबरून मागे रेललो. आवाज परत आला, खाली उतरलेला. माफ करा म्हणायला तोंड उघडलं, पण वहिनी वळल्या नाहीत. डोकं मधेच ठेवून, समोर बघत, हळूच म्हणाल्या, "आले वाटतं."